उदबत्तीने तपासलेले पेपर

१४ ऑक्टोबर, सोमवार

तारीख राहीने घातली. मी म्हटलं होतं, दसरा परवा झाला असं लिही. ती म्हणते, दैनंदिनीत असं चालत नाही. चालत नाही तर नाही. वही तिची, पेन तिचं, बोलणं तेवढं माझं.

मी तुळसा. पालीच्या अलीकडे जी वाडी लागते तिथली. मला अक्षर येत नाही. माझं नाव लिहिलेलं दाखवलं तर ओळखते, पण लांबून येणारा माणूस चालीवरून ओळखावा तसं. तोंडाने मात्र मी कोणाला हार जाणारी नाही.

राही माझी नात. पाचवीत आहे. शाळेतल्या नम्रताबाईंनी तिला नवोदयच्या परीक्षेला बसवली आहे. ती शाळा राजापुराच्या बाजूला, सरकारी, मोठी. जिल्ह्यातली पोरं परीक्षेला बसतात आणि थोडी आत घेतात. बाई म्हणाल्या, राहीचं गणित चांगलं आहे, उतारे सुधारायला हवेत. रोज घरी कोणीतरी एक पान वाचून दाखवा, तिने ऐकून लिहायचं.

वाचून दाखवणार कोण? हिचा बाप बाबू मुंबईला. हिची आई दर्शना मिरजोळ्याच्या कारखान्यात, सकाळच्या एसटीने जाते ती दिवेलागणीला घरात. उरले मी आणि मांजर. मांजराला वाचता येत असेल तर माहीत नाही, त्याने कधी सांगितलं नाही.

म्हणून मी म्हटलं, मला वाचता येत नाही पण बोलता येतं. मी बोलते, तू लिही. झालं तुझं पान.

पहिल्याच पानाला भांडण. मी 'नाय' म्हणते आणि ही 'नाही' लिहिते.

"आजी, परीक्षेत नाय चालत नाय."

"मग हे आता काय बोललीस?"

"बोलताना चालतं."

लिहिलेली तुळसा निराळी, बोलणारी निराळी. या वहीत मी शहरातल्या बाईसारखी दिसणार. दिसू दे.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

ही परीक्षा कशी असते ते आज कळलं. एक प्रश्न, त्याला चार उत्तरं, प्रत्येक उत्तरापुढे एक गोळा. बरोबर वाटेल तो गोळा निळ्या पेनाने भरायचा. लिहायचं काहीच नाही.

"म्हणजे मलाही देता येईल," मी म्हटलं.

"आधी प्रश्न वाचावा लागतो, आजी."

तिथे अडलं.

राहीने एक प्रश्न मला वाचून दाखवला. गटात न बसणारा ओळखा. आंबा, फणस, काजू, चिकू. मी लगेच म्हटलं, फणस. बाकीचे फांदीला लागतात, फणस खोडाला लागतो. राहीचंही तेच उत्तर. दोघी खूश. मग तिने मागे छापलेलं उत्तर बघितलं. काजू.

"काजू का?"

"तो सुकामेवा आहे म्हणे. बाकीची फळं."

"या माणसाने काजूचा बोंडू कधी बघितला नाही काय? झाडाला पिवळा, लाल लोंबतो तो काय दुकानातल्या पुडीत उगवतो?"

पेपर काढणारा माणूस घाटावरचा असणार. त्याने काजू बघितला तो लग्नाच्या पंगतीत, शिऱ्यावर. राहीला फार राग आला. आपलं बरोबर, तरी चूक! मी म्हटलं, अगो, यात नवीन काय? मी सासरी आले तेव्हा सासू विचारायची, आमटी कशी झालीय? तेव्हा आमटीची चव बघायची नसते, सासूचं तोंड बघायचं असतं. तू पेपरवाल्याचं तोंड बघ. त्याला काय दिसतं ते त्याला दे, आणि फणस खोडाला लागतो हे आपल्याजवळ ठेव.

(आजी हे सांगताना हसत होती. मला पटलं नाही पण लक्षात ठेवलं. — राही)

मधेच काय लिहिलंस? वाचून दाखव.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

आज मी मास्तरीण झाले.

नम्रताबाई सरावाचे पेपर देतात, पण शाळेत त्या एकट्या, पाच वर्गांना बघतात. तपासायला वेळ होत नाही. दर्शना घरी येते ती डोळे मिटतच. पोरीने स्वतःचा पेपर स्वतः तपासणं मला पसंत नाही. म्हणून मी बाईंना म्हटलं, बरोबर गोळे भरलेला एक कागद मला द्या.

"तुम्हाला कशाला, आजी?"

"द्या तर खरं."

घरी येऊन उदबत्ती पेटवली. भरलेल्या प्रत्येक गोळ्यावर टेकवली. कागदाला छान गोल भोकं पडली. हा भोकांचा कागद राहीच्या पेपरावर कड जुळवून ठेवायचा. भोकातून निळं दिसलं तर बरोबर, कोरं दिसलं तर चूक. वाचायचं कशाला?

पहिला कागद पेटला. दर्शना तेवढ्यात कामावरून आली. तिला वाटलं सासू घर जाळते आहे.

"आई, काय चाललंय?"

"पेपर तपासते."

ती दारातच बसली. मग हसत सुटली. कारखान्यातून आल्यावर ही बाई हसली, हे मी फार दिवसांनी ऐकलं.

आता प्रत्येक सराव पेपराचा मी वेगळा कागद करते. घरात देवापेक्षा परीक्षेला जास्त उदबत्त्या लागतात.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

भोकाभोकातून निळं! कोरं भोक शोधावं लागतं. बाई म्हणाल्या, अशीच राहिली तर राहीचं नाव लागलंच म्हणून समजा. मी त्यांना दोन पोह्याची मिरगुंडं दिली. त्या म्हणाल्या, दिवाळी अजून व्हायची आहे. मी म्हटलं, आमची झाली.

३ नोव्हेंबर, रविवार, भाऊबीज

बाबू मुंबईहून आला आहे. जेवताना म्हणाला, नंबर लागला तर राहीला पत्र्याची पेटी घ्यायला हवी, कुलूपवाली.

राही म्हणाली, "पेटी कशाला? दप्तर आहे की."

"अगो, तिथे राहायचं ना. कपडे कशात ठेवशील?"

"राहायचं? रोज एसटीने नाही यायचं?"

बाबू हसला, दर्शना हसली, मीही हसले. पोरीला वाटत होतं, राजापुराकडे जायचं आणि दिवेलागणीला आईसारखं परत यायचं. इतके दिवस अभ्यास केला आणि हे कोणी सांगितलंच नाही! मला वाटलं बाईंनी सांगितलं असेल, बाईंना वाटलं आम्ही.

राही म्हणाली, मांजर कुठे गेलं ते बघते, आणि उठली. बराच वेळ आली नाही. मांजर माझ्या पायाशीच बसलेलं होतं.

९ नोव्हेंबर, शनिवार

पेपर बिघडायला लागले. वरची भोकं निळी, खालची कोरी. खालचा भाग उताऱ्यांचा. गणितात ही पक्की, आकृत्यांत पक्की, आणि उतारे आले की पाय घसरतो.

मी समजले. दृष्ट लागली. त्या दिवशी मी वाडीभर सांगत फिरले ना, भोकाभोकातून निळं म्हणून. मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका आला नाही, म्हणजे दृष्ट होतीच.

(ठसका आला होता. आजीला सर्दी आहे. — राही)

१६ नोव्हेंबर, शनिवार

दृष्ट काढून झाली, बदाम भिजवून झाले, पेन नवीन आणलं. उतारे कोरेच.

आज लिहायला बसण्याआधी राहीने माझ्या गोळ्या काढल्या. माझ्या दोन्ही गोळ्या पांढऱ्या. सकाळची कुठली आणि संध्याकाळची कुठली, हे ती पाकिटावर वाचून देते.

"आजी, मी नसले तर तुला कसं कळेल?"

"एक सकाळी घेईन, एक संध्याकाळी. शेवटी दोन्ही पोटातच जाणार."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसा डॉक्टर बघतो. विनोद कळत नाही या पोरीला. आजचा पेपर तर कालच्याहून वाईट.

२४ नोव्हेंबर, रविवार

नम्रताबाई स्वतः घरी आल्या. भाताची झोडणी चालू होती, अंगणभर पेंढा. पेंढ्यावरच बसल्या. म्हणाल्या, "आजी, जबरदस्ती नको. कधी कधी मूल एका जागी थांबतं. नाही झालं तरी पालीचं हायस्कूल आहेच."

बाई मनाच्या चांगल्या आहेत. मी त्यांना ताक दिलं आणि म्हटलं, थांबलेलं नाही. अडलेलं आहे. थांबलेल्या बैलाला वैरण द्यावी, अडलेल्याचा खूर बघावा.

पण त्या गेल्यावर मला शंका आली. मी कोणासाठी धावते आहे? पालीचं हायस्कूल वाईट नाही. पोर डोळ्यासमोर राहील. मग मी एवढी का पेटले आहे?

याचं कारण सांगते, लिही. ही पोर मला प्रश्न विचारते. समुद्र खारा, मग त्याच्या वाफेचा पाऊस गोडा कसा? लाटेला परत कोण बोलावतं? कातळावर पाणी टिकत नाही, मग कातळावरची फुलं कशावर जगतात? लहान होती तेव्हा मी उत्तरं द्यायचे. मग बनवून द्यायला लागले. आता ती बनवलेली उत्तरं ओळखते आणि मला वाईट वाटू नये म्हणून मान हलवते. दहा वर्षांच्या पोरीने आजीची समजूत काढायची? माझ्याकडची इयत्ता संपली आहे. दर्शना दमलेली असते, बाबू फोनवर असतो. ज्यांना उत्तरं माहीत आहेत अशा माणसांत हिला राहायला हवं. रोज, दिवसभर.

म्हणून परीक्षा द्यायची. उतारे सुटत नाहीत म्हणजे काय? मी मनात येईल ते बोलते, पाल्हाळ लावते, एका गोष्टीतून दुसऱ्या गोष्टीत शिरते, आणि ही पोर ते सगळं समजून, 'नाय' सुधारून नीट लिहिते. हिला छापलेल्या चार ओळी समजत नाहीत?

हा खूर बघायलाच हवा.

१ डिसेंबर, रविवार

आज जे बघितलं ते सांगते. राही, लिही. जसं सांगते तसं लिही, आणि आज काही सुधारू नको.

दुपारी तुझा पेपर आणि माझा भोकांचा कागद घेऊन बसले होते. खाली सगळं कोरं. म्हटलं, निळं गेलं कुठे? पोरीने गोळा भरला तर आहे, मग तो कुठेतरी असणार. म्हणून दोन्ही कागद एकावर एक धरून खिडकीच्या उजेडाला लावले. भोकातून उजेड आला आणि निळे गोळे कागदातून सावलीसारखे दिसले.

प्रत्येक निळा गोळा भोकाच्या शेजारी. उजव्या हाताला. पहिला तसा, दुसरा तसा, तिसरा तसा. जिथे भोक शेवटच्या गोळ्यावर होतं तिथे उजवीकडे जागाच नाही, तर निळा उडी मारून पहिल्यावर.

मग मागच्या आठवड्याचा पेपर काढला. त्याच्या आधीचा काढला. सगळे तसेच.

मी जन्मभर भात लावलं. बांधावर आपोआप रुजलेलं भात कधी ओळीत उगवत नाही. इथे एक, तिथे एक, मधेच तीन. ओळीत रोप दिसलं की समजायचं, कोणीतरी वाकून लावलेलं आहे. ज्याला येत नाही तो इकडे चुकतो, तिकडे चुकतो, एखाद वेळी चुकून बरोबरही येतो. दर वेळी बरोबरच्या शेजारी बसायचं तर बरोबर कुठे आहे ते आधी माहीत हवं.

राहीचं पेन थांबलं. लिही गो. 'पेन थांबलं' हेही लिही.

तुला सगळे उतारे येतात. दिवाळीपासून येतात. तू मोजून चुकतेस, आणि मी तुझ्यासाठी मिरच्या जाळत बसले. का, ते मला

(मी आज पुढचं लिहिणार नाही. — राही)

५ डिसेंबर, गुरुवार

वही बंद होती. घरही अर्धं बंदच होतं. राही माझ्याशी बोलत होती ते भात वाढू का, पाणी देऊ का एवढंच. मीही विचारलं नाही. दर्शनाला सांगितलं, तर ती पोरीच्या डोक्याला तेल लावत बसली. पोर आईच्या मांडीवर आणि आईचे डोळे भिंतीवर.

आज शाळेतून आल्यावर राही स्वतःच वही घेऊन समोर बसली. पुढचं बोलणं तिने जसं झालं तसं लिहायचं, असं आमचं ठरलं आहे.

"तू एकटी पडशील," राही म्हणाली.

"एकटी कशी? तुझी आई आहे. मांजर आहे."

"आई दिवसभर नसते. मांजर वाचत नाही."

"मीही वाचत नाही. आमचं दोघांचं जमतं."

"तुझ्या गोळ्या? बँकेचा कागद आला तर? एसटीची पाटी?"

"एसटीची पाटी कंडक्टर ओरडतो."

"आणि वही?"

यावर मी उत्तर बनवून देणार होते, पण ही ओळखते.

म्हणून मी म्हटलं, थांब, मीच तुला प्रश्न घालते. गटात न बसणारा ओळखा. आजी, आई, मांजर, राही.

ती म्हणाली, "मांजर. बाकीच्या तिघी बायका."

"ते पेपरवाल्याचं उत्तर. माझं उत्तर राही."

"का?"

"बाकीच्या तिघांना आता कुठे जायचं नाही."

पोर रडली. मी रडू दिली. मग डोळे पुसून म्हणाली, "उत्तर मांजरच आहे." हट्टी. कोणावर गेली आहे कोण जाणे.

मग मी एक गोष्ट ठाम सांगितली, ती इथे मोठ्या अक्षरात लिही. जायचं नसेल तर तोंडाने सांगायचं, नाही जायचं. तो तुझा हक्क. पण येतं ते येत नाही असं दाखवणं या घरात चालायचं नाही. परीक्षा खरी द्यायची. नंबर लागला तर जायचं की राहायचं ते नंतर आपण तिघी बसून ठरवू. माझं एक मत, आईचं एक, तुझं एक.

"आणि मांजराचं?"

"ते गटात बसत नाही म्हणालीस ना?"

तेव्हा हसली.

१२ डिसेंबर, गुरुवार

राहीने दोन प्लॅस्टिकच्या डब्या आणल्या. एकीवर कोंबडा काढला, दुसरीवर घुबड. कोंबड्याची गोळी सकाळी, घुबडाची जेवल्यावर. घुबड मांजरासारखं दिसतं, पण मी घुबडच म्हणते.

पेपर पुन्हा निळे.

२७ डिसेंबर, शुक्रवार

कलमांना मोहोर धरतो आहे. सगळे आभाळाकडे बघतात, मी कागदाकडे बघते. आज उताऱ्यात एक भोक कोरं. मी लगेच उजेडाला धरलं. निळा डावीकडे होता, दोन घरं सोडून. खरी चूक! मी इतकी खूश झाले की दर्शनाने विचारलं, काय झालं? म्हटलं, पोर चुकली.

१२ जानेवारी, रविवार

आज लिहायला काही नाही.

आहे. पण लिहिणारी तू आहेस.

१५ जानेवारी, बुधवार

भोकांचे सगळे कागद चुलीत घातले. राही ओरडली, "आजी, अजून परीक्षा व्हायची आहे!"

म्हणूनच घातले. शनिवारचा पेपर मला तपासायला मिळणार नाही. तिथे तू उजवीकडे सरकलीस काय नि डावीकडे, मला कधी कळणार नाही. नंबर नाही लागला तर पेपर अवघड होता म्हणून की तू सरकलीस म्हणून, हे तुलाच माहीत. मी विचारणार नाही. मरेपर्यंत विचारणार नाही. मला आतापासून सवय करून घ्यायची आहे, तुझे पेपर न बघायची.

(मी विचारलं, मला भीती वाटली तर? आजी म्हणाली, पहिला गोळा भर, मग दुसरा भर. — राही)

१८ जानेवारी, शनिवार

परीक्षा रत्नागिरीत. दर्शनाने रजा टाकली, तिघी पहिल्या गाडीने गेलो. शाळेच्या फाटकाबाहेर आईबापांची जत्रा. एक बाई माझ्याशी बोलायला आली. तिच्या मुलाला क्लास लावला होता, दोन क्लास. मला विचारलं, तुमच्या नातीला कोण शिकवतं? मी म्हटलं, शाळेतल्या बाई शिकवतात, तपासते मी. तिला वाटलं मी निवृत्त शिक्षिका. मी नाही म्हटलं नाही. इतके दिवस शहरातल्या बाईसारखी लिहिली जाते आहे, एक दिवस असून बघितलं.

राही बाहेर आली. बोटाला शाई. मी विचारलं नाही. दर्शना विचारणार होती, मी तिला चिमटा काढला. गाडीत बसायला जागा मिळाली, गाडी रत्नागिरीबाहेर पडली, तरी मी विचारलं नाही.

हातखंब्याच्या पुढे राहीच म्हणाली, "आजी, काजू आला होता."

"काय सांगतेस! तोच?"

"तोच नाही. पण तसलाच."

"मग?"

"पेपरवाल्याचं तोंड बघितलं."

मला जे कळायचं ते कळलं.

२५ मार्च, मंगळवार

मी काजू वेचत होते. नम्रताबाई बांधावरून मोबाईल हातात धरून धावत आल्या. त्यांना धावताना मी पहिल्यांदा बघितलं. मोबाईल माझ्यापुढे धरला. त्यात बारीक अक्षरं, मला काय दिसणार? पण त्यांच्या तोंडाकडे बघितलं. आमटी झकास होती.

संध्याकाळी तिघी बसलो. ठरल्याप्रमाणे मतं घ्यायची. मी म्हटलं, धाकटीपासून सुरू करू, म्हणजे मोठ्यांचं बघून कोणी सरकायला नको.

राही मांजराच्या पाठीवरून हात फिरवत बसली. मग म्हणाली, "तिथे प्रयोगशाळा आहे. बाईंनी फोटो दाखवले. समुद्राच्या पाण्यातून मीठ वेगळं काढून दाखवतात."

"हे काही मत नव्हे," मी म्हटलं. "जाते की राहते?"

"जाते. पण वहीचं काय ते आधी ठरवा."

दर्शना एवढी दमलेली, अजून पायांतल्या चपला काढलेल्या नव्हत्या. ती म्हणाली, "मी लिहीन."

आम्ही दोघींनी तिच्याकडे बघितलं.

"दहावी आहे मी," ती म्हणाली. "विसरलात काय सगळे?"

मतं मोजायची राहिलीच.

३ ऑगस्ट, रविवार

आता दर्शना लिहिते. मी म्हटलं, माझं 'नाय' सुधारून लिही, राहीसारखं. तर म्हनते, आई, तुमी बोलता तसंच लिहिनार, मला सुधारायला वेळ नाय. मंग असू दे. ही खरी तुळसा.

सासू सांगते आनि सून लिहिते, हे गावात कळलं तर लोक बघायला येतील. पन एक सांगते. हिला लग्न करून आनली तेव्हापासून एवढं कधी बोललो नव्हतो. कामाचं बोलायचो. आता रोज घुबडाची गोळी घेतली की ही वही काढते. परवा मला विचारते, आई, तुमाला सासूच्या आमटीचं खरंच वाईट वाटायचं? मी म्हटलं, तुला माझ्या आमटीचं वाटतं काय? तर हसली. माझं तोंड बघत व्हती.

आज भेटीचा रविवार. आमी दोघी राहीकडे गेलो व्हतो. उंच दिसली. पन महिन्यात कोन उंच होतं? केस बारीक कापलेत म्हनून तसं दिसतं. मी तिला सगळं विचारलं. जेवन कसं, झोप येते काय, मैत्रिनी हायत काय. तिने मला विचारलं, कोंबडा आनि घुबड बरोबर चाललेत काय. मंग मला सांगायला लागली, वाफ होते तेव्हा मीठ खालीच राहतं, वर फक्त पानी जातं, म्हनून पाऊस गोडा. एवढं साधं! आनि मी तिला सांगितलं व्हतं की ढग पानी गाळून घेतो. लाटेचं मातर तिने अजून विचारलेलं नाय, सर नवीन हायत म्हनते.

निघताना तिने माझ्या हातात दोन कागद दिले, घडी घालून. "आजी, हा तुझा पेपर. घरी जाऊन सोडव. मंग दुसरा कागद वर ठेव. आधी ठेवायचा नाय."

घरी आल्यावर हातपाय धुतले आनि पेपर सोडवायला बसले. दर्शनाने पेन दिलं. कागदावर अक्षर एक नाय, चार चित्रं काढलेली. नथ घातलेली म्हातारी, ती मी. पिशवी घेतलेली बाई, ती दर्शना. मांजर, ते घुबडासारखं दिसतं. आनि दोन वेन्या घातलेली पोर, ती केस कापायच्या आधीची राही. प्रत्येक चित्राखाली एक गोळा.

वाचायची गरजच नव्हती. प्रश्न कुठला, मला ठाऊक.

मी पेन धरलं. गोळा भरायचा म्हनजे सोपं नाय, बाहेर जातं. मी पोरीखालचा गोळा भरला. माझं उत्तर तेच, मी ते तिला सांगितलं व्हतं. गेली की नाय ती? जायला हवीच व्हती. मी बरोबरच व्हते.

मंग दुसरा कागद कड जुळवून वर ठेवला. त्याला एकच भोक. उदबत्ती तिथे कुठली, कंपासच्या टोकाने पाडलेलं, कडा फाटलेल्या.

भोकात निळं नाय. कोरं.

मी दोन्ही कागद दिव्याकडे धरले. निळा गोळा पोरीखाली, आनि भोक मांजराखाली.

दर्शनाचं पेन थांबलं. लिही गो. पुढे लिही. आजी नापास.